बिनसांध्याचा कोबा

उंबरठ्यावरून आत टाकलेलं पाऊल ओमेरने चटका बसल्यासारखं मागे घेतलं. पायमोज्याखाली जमीन कोमट होती. चटका बसावा इतकी काही नव्हती, कुणी तासभर बसून उठलेल्या खुर्चीइतकीच. पण ओमेरने एक्केचाळीस वर्षं काँक्रीटचे कोबे ओतले आणि घोटले होते, आणि त्या एक्केचाळीस वर्षांत कोब्याला ऊब असण्याचा अर्थ एकच होता. माल अजून धरतो आहे, आत त्याचं त्याचं काही चाललं आहे, तू बाजूला हो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते तळव्यांना कळायचं. आणि शहात्तराव्या वर्षी गुडघे, एक कान आणि बायको गेल्यावर हे एवढं कळणंच काय ते शिल्लक होतं. तो उंबरठ्यावर एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहिला. आतून त्याची लेक कात्रैन म्हणाली, "या ना पप्पा, वाळलाय तो कधीचाच," आणि तिच्यामागची दहा-बारा माणसं हातातले पेले सांभाळत हसली. खालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत, असं तिने सांगितलं. ते त्याला कळलं. तळव्यांना पटलं नाही. त्याने दात आवळून पाऊल टाकलं आणि ओल्या मालावर चालावं तसा, वजन न देता, भिंतीच्या कडेकडेने आत गेला. बूट दारातच काढून घेतले होते, त्याचेच नव्हे, सगळ्यांचे. लेडेबर्गच्या कामगारवस्तीतल्या त्याच्या गल्लीत पाहुण्याला कुणी बूट काढायला सांगितलं असतं तर तो पाहुणा जन्मात पुन्हा फिरकला नसता. इथे गेंट शहरातली ही शिकलेली माणसं भर नोव्हेंबरात रंगीत मोजे घालून कौतुकाने एकमेकांच्या पायांकडे बघत होती.

तो घरभरणीसाठी आला नव्हता. उत्तर द्यायला आला होता. सप्टेंबरात घरच्या जिन्याच्या सातव्या पायरीवरून तो घसरून खाली आला, आणि शेजारणीने पत्रं द्यायला दार वाजवलं तोपर्यंत, म्हणजे चार तास, जिन्याच्या तळाशी पडून होता. जिन्याचं घर आता नको, असं डॉक्टरने लिहूनच दिलं. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि ती ते उद्या, सोमवारी दुपारपर्यंतच त्याच्यासाठी अडवून ठेवणार होते. दुसरी खोली इथे, लेकीकडे, तळमजल्यावर. ती तिने ऑगस्टमध्ये आपणहून देऊ केली होती, तो धडधाकट असताना, फोनवर. तेव्हा त्याने "बघू" म्हणून टाळलं होतं. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आता हो किंवा नाही. आई-बापाला असं पोरांच्या घरात खोली करून ठेवण्याला नगरपालिकेच्या कागदांत कांगारू-घर म्हणतात. तो शब्द ऐकला की ओमेरचं डोकं फिरायचं. पिशवी कुणाची आणि पिल्लू कोण, हे एकदा त्या कारकुनाला विचारायला हवं. पण चार तास जिन्याखाली पडल्यावर माणसाचा ताठा थोडा उतरतो, आणि गाडीतून येताना त्याने मनाशी ठरवलं होतं की आज हो म्हणायचं. नीट, सरळ, आभार मानून. उंबरठ्यावरच्या त्या कोमट कोब्याने ते सगळं नासवलं.

"हे माझे वडील," कात्रैन सांगत होती. "आयुष्यभर कोबे घातले त्यांनी. हा सगळा मजला म्हणजे त्यांच्या कामाला आमचा नमस्कार आहे." घरसजावटीच्या मासिकात लिहिणारी सास्किया नावाची एक बाई पुढे आली. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, एका कानात एवढं मोठं डूल. "तुमचे हात बघू?" ती म्हणाली. हात बघायला आजवर डॉक्टरने मागितले होते आणि बायकोने. ओमेरने आपला पेला तिच्या पुढे केलेल्या हातात ठेवला. "धरा," तो म्हणाला. बाई हसली, तिला तो विनोद वाटला. "किती प्रामाणिक साहित्य आहे नाही हे?" ती म्हणाली. "काहीच लपवत नाही." "सगळं लपवतं," ओमेर म्हणाला. "त्यासाठीच ओततात. खाली काय घातलं ते ओतणाऱ्याला माहीत, नाहीतर देवाला." दोघंतिघं पुन्हा हसले, आणि कुणीतरी म्हणालं, किती छान बोलतात. आपण काहीही बोललो तरी ते छानच ठरणार आहे, हे ओमेरच्या लक्षात आलं. कपाटावर मांडून ठेवलेल्या जुन्या वजनकाट्याला कुणी उलट बोलत नाही. सास्कियाच्या मासिकात कोबा घोटायच्या यंत्राला फुलपाखरू म्हटलं होतं म्हणे, कारण त्याची पाती पंखांसारखी फिरतात. कामावर त्याला सगळे हेलिकॉप्टर म्हणायचे, आणि ते नावही सभ्यच होतं. सहा सहा तास ते हातात धरलं की रात्री जेवताना चमचा ताटावर टकटक वाजायचा. डावा कान त्यानेच नेला. फुलपाखराने कुणाचा कान गेल्याचं ऐकिवात नाही.

गाईच्या आचळांना लावायचं मलम पिवळ्या डब्यात मिळतं, ते त्याची बायको जॉर्जेत रोज रात्री त्याच्या हातांना लावायची. सिमेंटने बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्या हिवाळ्यात उघडायच्या आणि ईस्टरपर्यंत मिटायच्या नाहीत. ती मलम लावायची, वर जुने मोजे चढवायची, आणि तो हातांत मोजे घालून झोपायचा. एकच गोष्ट तिने लग्नाआधी बजावून ठेवली होती, माझ्या घरात उघडं काँक्रीट दिसता कामा नये, कोळसा ठेवायच्या तळघरात सुद्धा. तिथे तिने लाल फरश्या बसवून घेतल्या. स्वयंपाकघरात निळ्या फुलांचं मेणकापड अंथरलं, दर शनिवारी ते साबणाने पुसायची. "दिवसभर तिथे ओणवा असतोस," म्हणायची, "घरी तरी माणसासारखा उभा राहा." बटाट्यांची गोदामं, गाईंचे गोठे, कत्तलखाना, विणकामाचे कारखाने, कुठे कुठे म्हणून त्याने कोबा घातला. रक्त धुवून जावं, शेण ओढता यावं, गाडी चालावी, याच्यासाठी असतो तो. या देशात जो तो पोटात वीट घेऊन जन्माला येतो म्हणतात, म्हणजे घर बांधल्याशिवाय मरायला तयार नसतो; तसा तोही होता, आणि त्याच्या घराचा अर्थच हा होता की तिथे गोठ्याची जमीन नव्हती. ही पोरगी त्या निळ्या फुलांवर रांगली. पुढे शाळेत गेल्यावर तिने हळूच सांगितलं की सिमेंट लागलेली गाडी कोपऱ्यावरच थांबवा, मी चालत जाईन. तो थांबवायचा. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. लाज वाटण्यासारखं काही आहे हे दोघांनाही मान्य होतं, आणि तेवढ्यापुरते ते एका बाजूचे होते. आता तिने तोच गोठा शहरातल्या दिवाणखान्यात आणला होता, त्यावर फिकट लोकरीचा गालिचासुद्धा टाकला नव्हता, आणि म्हणत होती, नमस्कार.

त्याने जमिनीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळे कुठे ऐकतात. घोटाई उत्तम होती, हे त्याला पहिल्या नजरेतच दिसलं आणि त्याचा संताप वाढला. भिंतीच्या कडेला यंत्र पोचत नाही, तिथे माणसाला गुडघ्यावर बसून थापीने घोटावं लागतं, आणि त्या कडा मधल्या भागाइतक्याच गुळगुळीत होत्या. कुणीतरी, नाव कुणाला ठाऊक नसलेला कुणीतरी, आपले गुडघे इथे ठेवून गेला होता. मग त्याने सांधे शोधले. नव्हते. ऐंशी चौरस मीटर आणि एकही सांधा नाही.

"सांधे कुठेत?" त्याने जावयाला विचारलं. जावई वान्नेस, उंच, मऊ आवाजाचा, कशालाही नाही न म्हणणारा.

"सांधे नकोच म्हटलं आम्ही. एकसंध हवा होता."

"दुसऱ्या दिवशी करवतीने कापून सांधे द्यावे लागतात. नाहीतर तो त्याला हवं तिथे स्वतःच कापतो."

"कापलाच की," वान्नेस खुशीत म्हणाला, आणि त्याने सासऱ्याला दंडाला धरून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नेलं. ओट्याच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघून तिरपी दाराकडे गेली होती. "ही आमची चीर. मार्चमध्ये ओतला, मे महिन्यात ही आली. अशा चिरा येणारच म्हणून कंत्राटदाराने आधीच सही घेतली होती. आम्ही म्हटलं, येऊ दे. घराला जरा चेहरा येतो." आणि तो वाकून त्या चिरेवरून बोट फिरवू लागला.

ओमेर ते बोट बघत राहिला. विणकाम कारखान्याच्या कोब्याला अशीच चीर गेली होती, हिच्याहून बारीक. मोरिस मुकादमाने नऊच्या नऊ माणसं बोलावली, आपल्या डब्यातली काळी कॉफी त्या चिरेवर ओतली म्हणजे ती सगळ्यांना नीट दिसेल, आणि ओमेरला तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं, दारू प्यायलेल्याला चालवतात तसं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर तो झोपेत चिरा मोजायचा आणि जॉर्जेत त्याला हलवून जागं करायची. आणि इथे हा मऊ माणूस चिरेला चेहरा म्हणत होता. म्हणजे ते सगळं फुकट होतं? ती कॉफी, ते चालणं, ते वर्ष? त्याला वान्नेसच्या बोटावर पाय ठेवावासा वाटला, सावकाश, पूर्ण वजनाने. त्याने ठेवला नाही. तो म्हणाला, "खोली दाखवा."

खोली बागेकडे होती. पलंग घातलेला होता, त्यावर पांढरं पांघरूण, उशाशी जॉर्जेतचा चौकटीतला फोटो. कात्रैन दाराला टेकून उभी होती, वान्नेस मध्ये उभा राहून हातवारे करून सांगत होता: इथे कपाट, इथे खुर्ची, आणि या कोपऱ्यात काचेची न्हाणी, जिना नाही, उंबरा नाही, काठी घेऊन थेट आत. बागेत एक पेअरचं झाड, ओलं, काळं. खोली चांगली होती, खोटं कशाला बोला. इथे माणूस मरेपर्यंत राहू शकला असता. ओमेर त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तळव्यांनी चाचपलं. जमीन तळहातासारखी सपाट, जाळी नाही, उतार नाही, भिंतीतून नळीचं तोंड नाही. मग तो मागे फिरला आणि खोलीच्या मधोमध त्याच्या पायाला गार लागलं. कोब्यात बसवलेलं पितळेचं चौकोनी झाकण. त्याने हातातल्या काठीच्या टोकाने ते उचललं. आत विजेची चार भोकं आणि संगणकाच्या तारेचं एक. झोपायच्या खोलीत मधोमध असलं काही कुणी ठेवत नाही. मधोमध टेबल येणार असेल तरच ठेवतात.

"पाणी कुठे जाणार?" त्याने विचारलं.

"कुठलं?" वान्नेस म्हणाला.

"माझ्या अंघोळीचं."

"ते... त्याची सोय नंतर करायची आहे. पंप वगैरे मिळतात आता. हो ना, कात्रैन?"

कात्रैन त्या पितळेच्या झाकणाकडे बघत राहिली. काँक्रीटच्या घरात 'नंतर' असं काही नसतं, हे गवंड्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. पाणी, वीज, सांडपाणी, जे काय मनात असेल ते आधी जमिनीत निजवायचं आणि मग ओतायचं. ओतल्यावर तुमच्या मनात काय होतं ते कायमचं ठरून जातं. ओमेरने हिशेब केला, फार वेळ लागला नाही. त्याला एकदम हलकं वाटलं. चिरेचा, मोज्यांचा, नमस्काराचा राग इतका वेळ नुसता भिरभिरत होता, त्याला आता बसायला जागा मिळाली.

"तू जा, पाहुण्यांचं बघ," कात्रैन नवऱ्याला म्हणाली. तो सुटल्यासारखा गेला. तिने दार लावून घेतलं.

"मार्चमध्ये ओतला," ओमेर म्हणाला. "मला विचारलंस ऑगस्टमध्ये."

"हो."

"माझा विचार असता तर नळी आधी पडली असती."

"हो. ही वान्नेसची कामाची खोली होती."

"म्हणजे तोंडदेखलं विचारलंस."

"हो, तोंडदेखलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही नाही म्हणाल अशी खात्री होती. विचारलं होतं एवढं समाधान हवं होतं मला. मग तुम्ही पडलात."

"सरळ सांगतेस. बरं आहे."

"तुम्हाला सरळच लागतं ना सगळं. पाणसळ लावून." ती पलंगाच्या कडेवर बसली. "का विचारलं नाही मार्चमध्ये, सांगू? इथे राहिलात तर तुम्ही काय बघत बसाल ते मला माहीत होतं. डाइन्झची डेअरी आठवते? मी सात वर्षांची होते. आईला दवाखान्यात जायचं होतं म्हणून शनिवारी तुम्ही मला कामावर नेलंत, वाळूच्या ढिगावर बसवलंत. माझा पुढचा दात पडला. मी तो दाखवायला धावत आले, सरळ तुमच्या कोब्यावरून."

डेअरी त्याला आठवत होती. नऊशे चौरस मीटर, दुधाच्या टाक्यांसाठी, आरशासारखा उतरला होता. आणि ते ठसे, आठ, लहान बुटांचे, मधोमध. माल जवळजवळ धरला होता, कुणीही सांगितलं असतं की आता काही होत नाही. त्याने पाण्याचा हात फिरवत, फळीवर पालथं पडून, एकेक ठसा असा भरून काढला की संध्याकाळी मोरिसलाही जागा ओळखता आली नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं असतं तर त्याने ते आठ ठसे सांगितले असते. बऱ्याच जणांना सांगितलेही होते, दारूच्या गुत्त्यात, वर्षानुवर्षं. ठसे कुणाचे होते हे सांगायची कधी वेळ आली नव्हती, आणि हळूहळू ते त्याच्याही लक्षातून गेलं होतं.

"तुम्ही मारलं नाहीत मला," कात्रैन म्हणत होती. "काखेत धरून उचललंत, वाळूवर ठेवलंत आणि परत गेलात. दोन तास. मी दात मुठीत धरून बघत होते. इतक्या मायेने तुम्ही कुणाला हात लावलेला मी आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. घरी जाताना गाडीत तुम्ही शीळ घालत होतात. माझ्या तोंडाकडे बघितलंत तुम्ही थेट बुधवारी."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. ओमेरला शरम वाटली. पण त्याच्या शरमेचा आधी राग व्हायचा, हा त्याचा जुना रोग होता. जॉर्जेत त्यावर म्हणायची, याला मलम नाही. या पोरीने एका दाताचा चाळीस वर्षं कीस काढत बसावं, त्याच्या कामाचा आरसा करून तो त्याच्याच तोंडासमोर धरावा, वर बापाला घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था कोब्यात ओतून ठेवावी, आणि चार माणसांत नमस्कार करावा. नाही म्हणून हिची सुटका करायची? तेच तर हिला हवं होतं.

"मी येतो," तो म्हणाला. "इथेच राहतो. ठरलं."

त्याला तिचा चेहरा पडलेला पाहायचा होता. तो पडला नाही. तिने एकदा डोळे मिटून उघडले.

"बरं," ती म्हणाली. "मग फोडू."

"काय?"

"कोबा. या कोपऱ्यापासून दिवाणखान्यातून पार मागच्या भिंतीपर्यंत. अकरा मीटर. गरम पाण्याच्या नळ्या मध्ये येतात, त्या तुटणार. हिवाळा थंडीत काढू. करवतवाला मंगळवारी यायला तयार आहे. तुम्ही पडलात त्याच आठवड्यात मी त्याला आणून दाखवलंय सगळं, खडूने आखून गेलाय, मग मी ते पुसलं. वान्नेसला माहीत नाही. मी फक्त तुमच्या हो म्हणण्याची वाट बघत होते."

ती थट्टा करत नव्हती. ओमेरने दाराकडे पाहिलं, जणू बंद दारातून तो सबंध मजला दिसतच होता, करडा, शांत, कुठेही न तुटलेला, कडांना कुणाच्या तरी गुडघ्यांनी घोटलेला. करवत कुठून घुसेल ते त्याला दिसलं. दोन्ही बाजूंच्या कडा कशा दाताळ होतील, राखाडी पाणी कसं पसरेल.

"ठिगळ कधी मिळून येत नाही," तो म्हणाला. "रंग वेगळाच पडतो. जन्मभर."

"पडू दे."

"नंतर चिरा जातील त्याच्या दोन्ही अंगांना. थांबणार नाहीत."

"जाऊ देत. तुम्ही येताय ना?"

"नको," ओमेर म्हणाला. शब्द निघून गेला आणि मगच त्याला ऐकू आला. "फोडू नका. चांगला घोटलाय."

दुपारभरात त्याने कशाला चांगलं म्हटलं ते हे पहिलंच.

"आणि तुम्ही?" कात्रैनने विचारलं.

"मी तिकडे जाईन. आश्रमात. उद्या कळवतो त्यांना."

ती उठली. तिने पांघरुणावरची आपण बसलेली सुरकुती हाताने सरळ केली. "म्हणजे पुन्हा कोबाच," ती म्हणाली. तसं नाही, असं म्हणायला ओमेरने तोंड उघडलं. लेक त्याच्याकडे बघत वाट पाहत उभी राहिली. आणि तेवढं एक साधं खोटंसुद्धा त्याला बोलता आलं नाही.